अकॅडमी करून मेडिकल किंवा डेंटल: ५ आणि ७ मिळून १२ की फक्त ७?

शुभा_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी. लेक आता बारावीत जाईल. जूनमध्ये अ‍ॅनापोलिसच्या समर सेमिनारला जाऊन आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला नेव्हल अकॅडमीत (तीच अ‍ॅनापोलिसची) किंवा वेस्ट पॉइंटला, म्हणजे आर्मीच्या अकॅडमीत, जायचंय आणि पुढे डॉक्टरही व्हायचंय. डेंटलचाही किडा डोक्यात आहे, तो माझ्या बहिणीचा दवाखाना बघून. नवरा एकदम खूश. चार वर्षं कॉलेज फुकट, पुढची चार वर्षं मेडिकल फुकट, वर पगार! मी मात्र बारीक अक्षरातलं वाचत बसलेय आणि डोकं गरगरतंय.

अकॅडमीनंतर ५ वर्षं नोकरी सक्तीची. बेथेस्डाच्या लष्करी मेडिकल कॉलेजनंतर ७. ही वर्षं एकमेकांत धरली जातात की बेरीज होते? मेडिकलची चार वर्षं सेवेत मोजतात का? रेसिडेन्सीचं, म्हणजे एमडीनंतरच्या स्पेशलायझेशनच्या ट्रेनिंगचं काय? पुण्याहून भाऊ म्हणतो, इथल्या लष्करी मेडिकल कॉलेजात, एएफएमसीत, सातच वर्षं असतात, तुमच्याकडेच काय एवढं अवघड? आमच्या दोन्ही घरांत फौजेतलं कुणीच नाही, म्हणून इथे विचारतेय.

पाटवडी

भाचा डलासला आहे, त्याचंही हेच चाललंय. वाचतेय, बसले मांडी घालून.

खारा_वारा

शुभाताई, बेरीज होते. १२.

मी अकॅडमीवाला नाही. साध्या स्टेट युनिव्हर्सिटीतून आलो, मेडिकलला एचपीएसपी ही लष्कराची शिष्यवृत्ती घेतली, नेव्हीची वर्षं भरून बाहेर पडलो. पण बरोबरीचे काहीजण अ‍ॅनापोलिसचे होते आणि जेवायला बसलं की त्यांचा हाच हिशेब निघायचा.

लष्कराच्या पैशाने डॉक्टर व्हायच्या दोन मुख्य वाटा आहेत. दोन्ही १९७२च्या एकाच कायद्यातून निघाल्या. पहिली बेथेस्डाची यूएसयू, म्हणजे युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी. फी शून्य, आणि विद्यार्थी असतानाच सेकंड लेफ्टनंटचा (नेव्हीत एन्साइनचा) पूर्ण पगार. त्याबदल्यात ७ वर्षं. दुसरी एचपीएसपी, म्हणजे शिष्यवृत्ती. कॉलेज तुमच्या पसंतीचं, नागरी. फी सरकार भरतं, दरमहा दोन हजार डॉलरांच्या वर भत्ता, वर्षातून ४५ दिवस लष्करी ड्यूटी. त्याबदल्यात वर्षाला वर्ष, म्हणजे चार वर्षांच्या शिष्यवृत्तीला ४.

अकॅडमीची ५ वर्षं याच्या डोक्यावर चढतात. अकॅडमी आणि यूएसयू मिळून १२, अकॅडमी आणि एचपीएसपी मिळून ९. साध्या कॉलेजात लष्करी प्रशिक्षणासोबतची आरओटीसी शिष्यवृत्ती घेतली असेल तर तिथले ४ आणि एचपीएसपीचे ४, एकूण ८.

आता खरी मेख. हे घड्याळ मेडिकल कॉलेजात चालत नाही, इंटर्नशिपमध्ये चालत नाही, रेसिडेन्सीतही नाही. रेसिडेन्सी लष्करी इस्पितळात केलीत तर तुम्ही गणवेशात असता, पगार घेता, रात्री जागता, पण फेडीचा एक दिवसही कमी होत नाही. उलट रेसिडेन्सीचा स्वतःचा वेगळा बाँड असतो. तो या १२ किंवा ९ बरोबरच फिटत जातो, वर चढत नाही, एवढंच नशीब.

वयात मांडून बघा. फॅमिली मेडिसिन धरू, रेसिडेन्सी तीन वर्षं. मुलगी १८ला अकॅडमीत, २२ला बाहेर, २६ला एमडी, २९ला रेसिडेन्सी पूर्ण. यूएसयूची वाट असेल तर ४१व्या वर्षी मोकळी. एचपीएसपी असेल तर ३८. साधं कॉलेज आणि एचपीएसपी केलं असतं तर ३३. जनरल सर्जरी घेतली तर या प्रत्येक आकड्यात निदान दोन वर्षं मिळवा.

आडवा_प्रश्न

४१!! म्हणजे सतरा वर्षांची पोर, जिला अजून गाडी भाड्याने मिळत नाही, ती चाळिशीपर्यंतची सही करणार?

नवरोबांना सांगा, फुकट काही नसतं. इथे मेडिकलचं कर्ज सरासरी दोन लाख डॉलरच्या घरात जातं, मान्य. पण एखादी सर्जन नागरी इस्पितळात ते कर्ज काही वर्षांत फेडते. लष्करी सर्जनचा पगार त्या मानाने बराच कमी. शिवाय लष्करी इस्पितळात पेशंट बहुतेक तरुण आणि धडधाकट, मोठ्या शस्त्रक्रिया कमी. सर्जनचा हात चालता राहावा म्हणून त्यांना नागरी ट्रॉमा सेंटरला पाठवावं लागतं. माझं आपलं स्पष्ट मत, डॉक्टरच व्हायचं असेल तर अकॅडमी हा लांबचा वळसा आहे.

मोगरा७

आडवा_प्रश्न, सही १७व्या वर्षी होत नाही. माझा मुलगा अकॅडमीत तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून सांगते.

पहिली दोन वर्षं मूल कधीही बाहेर पडू शकतं. पैसे परत नाहीत, नोकरीची सक्ती नाही. दुसऱ्या कॉलेजात क्रेडिट घेऊन जातात मुलं. तिसरं वर्ष सुरू होतं तेव्हा खरी गाठ बसते. अ‍ॅनापोलिसला त्याला ‘टू फॉर सेव्हन’ म्हणतात. दोन वर्षं झाली, आता पुढच्या सात वर्षांवर सही, म्हणजे शिक्षणाची दोन आणि नोकरीची पाच. वेस्ट पॉइंटला रीतसर शपथेचा समारंभ असतो. त्यानंतर सोडलं तर साधा शिपाई किंवा खलाशी म्हणून नोकरी करा, नाहीतर शिक्षणाचा खर्च भरा. आणि मेडिकलची सही तर त्याच्याही नंतर, शेवटच्या वर्षी. सगळे १२ एकदम कुणी गळ्यात मारत नाही.

आमच्याकडे त्या सहीच्या आदल्या आठवड्यात रोज रात्री फोन यायचा. मी एकच विचारायचे, जेवलास का? बाकीचं त्याचं त्याने ठरवलं.

शुभाताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिलीय. अकॅडमीतून थेट मेडिकलला जायला लष्कराची परवानगी लागते, आणि ती मोजक्यांनाच मिळते. वेस्ट पॉइंटचा वर्ग हजारभराचा, त्यातून फार तर दोन टक्के. अ‍ॅनापोलिसलाही मूठभरच. एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे मार्क, अकॅडमीतला क्रमांक, मुलाखत, आणि वर मेडिकल कॉलेजातला प्रवेश स्वतःच्या हिमतीवर मिळवायचा. माझ्या मुलाच्या खोलीतला एकजण एमकॅटचा अभ्यास करत होता. पहाटे फॉर्मेशन, दिवसभर वर्ग, दुपारी सक्तीचा खेळ, आणि रात्री दिवे मालवल्यावर पांघरुणात टॉर्च लावून ऑर्गॅनिक केमिस्ट्री. त्याला जागा मिळाली नाही. आता तो जहाजावर जाणार.

म्हणून लेकीला हे विचारा: मेडिकलची जागा मिळालीच नाही तर पाच वर्षं जहाजावर किंवा तोफखान्यात आनंदाने काढशील का? ‘हो’ म्हणाली तर पाठवा. घुटमळली तर साधं कॉलेज आणि एचपीएसपी.

पाटवडी

मोगरा७ +१. शेवटचा परिच्छेद भाच्याच्या आईला जसाच्या तसा पाठवला.

वानवडीकर

मी एएफएमसीचा, आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त. शुभाताईंच्या भावाचं अर्धं बरोबर आहे.

एएफएमसीत पदवीनंतर ७ वर्षं अधिकारी म्हणून सेवा द्यावी लागते, हे खरं. पण त्या सातांची तुलना अमेरिकेतल्या बाराशी करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बारावीनंतर सरळ एमबीबीएस. नीट द्या, मग एएफएमसीची इंग्रजी आणि तर्काची वेगळी चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. मधे चार वर्षांची वेगळी पदवी नाहीच, तर तिचा बाँड कुठून येणार? १५० जागा, त्यातल्या पाच मित्रदेशांच्या विद्यार्थ्यांच्या. कॉलेज १९४८चं, पदवीचा वर्ग १९६२ला सुरू झाला.

अकॅडमी आणि मेडिकल हा जोड आपल्याकडे नाही. खडकवासल्याहून वानवडी गाडीने तासाभरावर, पण एनडीएतून एमबीबीएसकडे नेणारी वाट नाही. एनडीएचा मुलगा बीएस्सी, बीए किंवा बीटेक होऊन लढाऊ अधिकारी होतो. डॉक्टर व्हायचं असेल तर ते बारावीलाच ठरवायला लागतं. अमेरिकेत २२व्या वर्षी मन बदलायची सोय आहे, आणि त्या सोयीची किंमत म्हणजे ती वरची पाच वर्षं. मला विचाराल तर महाग नाही.

आडवा_प्रश्न यांच्या पगाराच्या मुद्द्यावर वाद घालत नाही. पण ‘सात वर्षं कशी काढायची’ म्हणणारी माझ्या बॅचची निम्मी मुलं वीस-वीस वर्षं राहिली. पंचविशीतल्या कॅप्टनच्या हातात सीमेवर अख्ख्या युनिटची प्रकृती असते. जवळचं इस्पितळ खाली, रस्ता बंद, आणि अपेंडिक्स की साधी पोटदुखी हे तुम्हीच ठरवायचं. माधुरी कानिटकर एएफएमसीच्याच. लेफ्टनंट जनरल झाल्या, बालरोगतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं, आणि निवृत्तीनंतर २०२१मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. बाँड संपायची तारीख मोजत बसलेल्या माणसाचं करिअर असं होत नाही.

आडवा_प्रश्न

कर्नलसाहेब, लेफ्टनंट जनरल एखादीच होते. बाकीच्यांनी तारीख मोजली तर त्यात गैर काय?

वानवडीकर

काहीच गैर नाही. मीही मोजली होती.

दंतकथा

डेंटलबद्दल कुणी बोललंच नाही, दात काढायची वेळ येईपर्यंत आम्हाला कोण विचारतंय! मी ओहायोत डेंटिस्ट, वर्गातल्या दोघांनी आर्मीची एचपीएसपी घेतली होती.

यूएसयूमध्ये पदवीचं डेंटल कॉलेज नाही, तिथे दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. म्हणजे ७ वर्षांवाला पर्याय बादच. डेंटलची पदवी (डीडीएस किंवा डीएमडी) नागरी कॉलेजातून एचपीएसपीवर करायचं, फेड ४ वर्षं. अकॅडमीचे ५ धरले तर ९. पण फरक पुढे आहे. साध्या डेंटिस्टला रेसिडेन्सी सक्तीची नसते. पदवी हातात पडली की कॅप्टन आणि लगेच घड्याळ चालू. २२ला अकॅडमी, २६ला डेंटल, ३५ला मोकळी. मेडिकलच्या ३८ किंवा ४१पेक्षा कितीतरी बरं. ऑर्थो, ओरल सर्जरी असं काही करायचं झालं की मात्र पुन्हा लांबण.

अकॅडमीतून थेट डेंटलला किती सोडतात ते त्या त्या वर्षी अकॅडमीतच विचारा. मेडिकलइतका तो मळलेला रस्ता नाही.

भारतात उलटं आहे. सैन्याचं पदवीचं डेंटल कॉलेज बाँडसकट असं काही नाही. सिकंदराबादचं आर्मी कॉलेज ऑफ डेंटल सायन्सेस आहे, पण ते लष्करी कुटुंबांच्या कल्याण संस्थेचं आणि सैनिकांच्या मुलांसाठी, त्यातून नोकरीची सक्ती येत नाही. आर्मी डेंटल कोअरमध्ये जायचं तर बीडीएस कुठूनही करून नंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनला अर्ज.

शुभा_न्यूजर्सी

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. मोगरा७, तुमचा प्रश्न लेकीला विचारला. तिने ताबडतोब ‘हो’ म्हटलं आणि वर मलाच विचारलं, मग आधी पाच वर्षं जहाजावरच काढली आणि मेडिकल नंतर केलं तर? मी गप्प. कुणाला माहीत आहे का?

खारा_वारा

तुमची लेक हुशार आहे. हा प्रश्न माझ्या ओळखीच्या भल्याभल्यांना पंचविशीत सुचला.

दोन माणसं बघा. दोघंही वेस्ट पॉइंटची, दोघंही १९९८च्या वर्गातली. अँड्र्यू मॉर्गन थेट यूएसयूला गेले, २००२ला एमडी, इमर्जन्सी मेडिसिन. फ्रँक रुबिओ आधी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर उडवायला गेले, अकराशेहून जास्त तास उडवलं, आणि मग यूएसयूतून २०१०ला एमडी. पुढे दोघंही नासाचे अंतराळवीर झाले. मॉर्गन २७२ दिवस अंतराळात राहिले. रुबिओ ३७१ दिवस, एका दमात इतकं दुसरं कुणी अमेरिकन राहिलेलं नाही. उशिरा निघालेला मागे पडला असं म्हणायची सोय नाही.

आता हिशेब. अकॅडमी २२, पाच वर्षं लाइनमध्ये (म्हणजे जहाजावर किंवा पलटणीत साधा अधिकारी म्हणून), २७. अकॅडमीचं देणं फिटलं. मग यूएसयू ३१, रेसिडेन्सी ३४, आणि फक्त ७ वर्षं. ४१. तेच वय!

पेन्शनचंही तेच. निवृत्तिवेतनाला वीस वर्षं लागतात, त्यात अकॅडमीची आणि मेडिकल कॉलेजची वर्षं धरत नाहीत, लष्करी रेसिडेन्सीची धरतात. थेट गेली तर ४१ला ३ आणि १२ मिळून १५. नंतर गेली तर ५, ३ आणि ७, पुन्हा १५.

फरक पडतो तो २७व्या वर्षी. आधी नोकरी केली तर त्या वयाला ती देणेकरी नसते. आठ वर्षांच्या एकूण बांधिलकीतली उरलेली तीन राखीव दलात नावापुरती राहतात, तेवढंच. त्या क्षणी यूएसयूला जाता येतं, शिष्यवृत्ती घेता येते, कर्ज काढून नागरी कॉलेजात जाता येतं, नाहीतर डॉक्टरकीचा नाद सोडताही येतो. थेट गेलेल्या मुलीला २७ला रेसिडेन्सीत असताना यातलं काही करता येत नाही, १२ वर्षं समोर उभी असतात.

दोन सावधगिऱ्या. रुबिओंची नक्कल करायला वैमानिक होऊ नका. आर्मीत २०२० पासून वैमानिकाला प्रशिक्षणानंतर १० वर्षं द्यावी लागतात, नेव्हीत विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळाल्यापासून ८. ते पाच वर्षांचं गणित कोलमडतं. आणि अकॅडमीच्या पाच वर्षांवर जीआय बिलाचा, म्हणजे सेवा केलेल्यांना सरकार देतं तो, शिक्षणाचा लाभ साठत नाही. पाच भरून बाहेर पडलं की सरकार मेडिकलची फी भरेल असं बऱ्याच मुलांना वाटतं. तसं नाही. जीआय बिल हवं तर त्यापुढची वर्षं काढावी लागतात.

मोगरा७

पण लाइनमध्ये पाच वर्षं काढून मग पुन्हा एमकॅट? विज्ञान विसरलेलं असतं. आणि मुलगी आहे, २७ ते ३४ ही वर्षं कशाची असतात ते आपण बायकांनी तरी बोलायला हवं.

खारा_वारा

दोन्ही मुद्दे खरे. अकॅडमीत असतानाच केमिस्ट्री आणि बायोलॉजी उरकून ठेवणारे नंतर तरतात. मुलांबाबत म्हणाल तर दोन्ही वाटांवर ती वर्षं कुठल्यातरी ट्रेनिंगमध्येच जातात. माझ्या बरोबरीच्या काहीजणींना रेसिडेन्सीत बाळं झाली, त्यांना सोपं गेलं असं मी म्हणणार नाही.

नेव्हीचा विचार असेल तर जीएमओही माहीत असू दे. इंटर्नशिप झाली की बऱ्याच डॉक्टरांना सरळ रेसिडेन्सी मिळत नाही. दोन-तीन वर्षं जनरल मेडिकल ऑफिसर म्हणून जहाजावर किंवा मरीन्सबरोबर पाठवतात. मलाही पाठवलं होतं. मला हवी ती शाखा पहिल्या खेपेला मिळाली नाही, डिसेंबरात लष्करी मॅचचा (रेसिडेन्सीच्या जागावाटपाचा) निकाल लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात, इंटर्नशिप संपताच, मी बटालियनच्या दवाखान्यात वाळूने भरलेले पाय तपासत होतो. तेव्हा फार चिडलो. पण जीएमओची वर्षं फेडीत मोजली जातात. माझं सगळं देणं रेसिडेन्सीच्या आधीच फिटलं आणि रेसिडेन्सी मी बाहेर पडून नागरी इस्पितळात केली. ९ किंवा १२वाल्यांचीही जीएमओची वर्षं अशीच मोजली जातात.

आडवा_प्रश्न

हे वाचून माझा विरोध जरा मवाळ झाला. थेट जाणाऱ्यांबद्दल मात्र मत तेच.

दंतकथा

एक वेगळाच मुद्दा, या फोरमवर कुणीतरी काढायलाच हवा. शुभाताई, लेकीकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं, व्हिसाशिवाय भारतात यायचं) आहे का? परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय देत नाही. आजीला भेटायला पुण्याला यायचं तर साधा व्हिसा. आधीच कार्ड असलेल्यांनी काय करायचं ते वकिलातीला लेखी विचारा, फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. आणि पाटवडीताई, भाचा अमेरिकन नागरिक आहे ना? ग्रीन कार्डवर अकॅडमीत प्रवेश नाही, यूएसयूतही नाही.

पाटवडी

अरे देवा. भाऊ-वहिनी दोघं ग्रीन कार्डवर, पण भाचा इथेच जन्मला. वाचलो. ओसीआयचं मात्र आजीला कोण सांगणार?

शुभा_न्यूजर्सी

आहे कार्ड, लहानपणीच काढलंय. वकिलातीला आजच ईमेल टाकते.

लेकीचा बेत आता असा: अकॅडमीला अर्ज, केमिस्ट्री मेजर, आणि थेट मेडिकलची जागा मिळाली तरी ती घ्यायची की नाही ते तेव्हा बघू म्हणते. बरोबरीने स्टेट युनिव्हर्सिटीचाही अर्ज भरतेय, तो माझ्या आग्रहाखातर. दोन सिनेटर आणि आमचे काँग्रेसमन, तिघांकडेही शिफारशीसाठी अर्ज सुरू केलेत. नवऱ्याला खारा_वारांचं वयाचं गणित छापून दिलं. तो म्हणाला, एकेचाळीसला मी काय मोकळा होतो?

एक शेवटचं. तिला लहानपणी दम्याचा त्रास होता, इनहेलर होता. अडचण येईल का?

मोगरा७

तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचं निदान किंवा औषध असेल तर अपात्र धरतात, मग सवलतीसाठी वेगळा अर्ज. त्याआधीच बंद झालं असेल तर चिंता नको, पण तसं कागदावर दिसायला हवं. मुलांच्या डॉक्टरकडून जुने सगळे कागद आत्ताच मागवा. इनहेलरचं शेवटचं प्रिस्क्रिप्शन कोणत्या तारखेचं आहे ते आधी बघा. आमच्याकडे डॉक्टरांनी ‘गरज पडल्यास’ म्हणून वर्षानुवर्षं नूतनीकरण केलेलं निघालं होतं, मुलाने ते हातातही धरलं नव्हतं. त्या एका ओळीपायी दोन महिने पत्रव्यवहार.

शुभा_न्यूजर्सी

शेवटचं प्रिस्क्रिप्शन सहावीतलं आहे, म्हणजे वय बारा. फार्मसीकडून पूर्ण यादी मागवली आहे. आली की इथेच लिहिते.